सण जुना, घर नवे

वाचकहो, दिवाळी अवघ्या पंधरा दिवसांवर आली. माळ्यावरची भांडी खाली उतरली, गाद्या गच्चीत उन्हाला पडल्या, भाजणीचा वास गल्लीगल्लीतून येऊ लागला. या दिवसांत आरोग्याच्या सदरात मधुमेहींनी लाडू किती खावेत, खोकल्याच्या रुग्णांनी फटाक्यांपासून कसे दूर राहावे, असे लिहिण्याचा प्रघात आहे. मीही अनेक वर्षे तेच लिहीत आलो. यंदा जरा वेगळे आणि थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

दिवाळीतले अपघात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फटाके येतात. फटाक्यांनी भाजलेली मुले दवाखान्यात येतात, हे खरेच. पण माझ्या नोंदवहीची पाने चाळली तर धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत येणारे बरेच रुग्ण अंगणातून नव्हे, तर घरातून आलेले असतात. कोणी कढईच्या तेलाने पोळलेले, कोणी स्टुलावरून पडलेले, कोणी संडास घासताना घुसमटलेले, तर कोणी पहाटेच्या अभ्यंगस्नानाला न्हाणीघरात गेले आणि उचलून बाहेर आणावे लागले असे. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, ‘‘काय करणार डॉक्टर, अपघात झाला.’’ पण जी गोष्ट दरवर्षी त्याच चार दिवसांत, त्याच वेळेला, त्याच जागी घडते तिला अपघात कसे म्हणायचे? ती तर वेळापत्रकाने येणारी एस.टी. झाली. आणि येण्याची वेळ ठाऊक असेल, तर तिच्यापुढून बाजूला होणेही आपल्याच हाती असते.

माझ्या मते खरे कारण असे, की सण आपला जुनाच राहिला, पण घर बदलले. रीत तीच ठेवली, तिच्याभोवतीच्या भिंती बदलल्या, आणि या बदलाचा विचार करायचा मात्र राहून गेला.

याची जाणीव मला फार महाग पडून झाली. 2008 सालची नरकचतुर्दशी. पहाटे साडेसहाच्या सुमारास एका परिचित कुटुंबाने आपल्या विशीतल्या मुलीला रिक्षातून आणले. लग्नानंतरची तिची पहिली दिवाळी, दिवाळसणाला माहेरी आलेली. अंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेर येईना, म्हणून दार तोडले तर फरशीवर पडलेली. मी पाहिले तेव्हा ती शुद्धीवर आली होती. डोके फुटल्यासारखे दुखत होते, दोन उलट्या झाल्या होत्या. रात्रीचे जागरण, पोटात काही नाही, त्यात कढत पाणी, असा हिशेब मी मनाशी केला. तिच्या आईने हळूच, ‘‘गोड बातमी तर नसेल ना?’’ असेही विचारून घेतले. मी सलाईन लावले, उलटीचे औषध दिले आणि दुपारी घरी पाठवले.

भाऊबीजेच्या पहाटे त्याच घरातून फोन आला. या वेळी तिचा धाकटा भाऊ. तोही न्हाणीघरातच पडला होता, पण तो शुद्धीवर येत नव्हता. एकाच घरात, एकाच जागी, दोन धडधाकट माणसे चार दिवसांत बेशुद्ध पडतात, तेव्हा दोष माणसांत नसून जागेत असतो, एवढे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले. मुलाला जिल्ह्याच्या गावी पाठवून मी त्यांच्या घरी गेलो. चार बाय सहाचे न्हाणीघर, छतापर्यंत चकचकीत फरशा, एकच झरोका, तोही थंडी वाजते म्हणून पुठ्ठा लावून बुजवलेला. आणि भिंतीवर दिवाळीसाठी म्हणून हौसेने बसवलेला नवा गॅस गीझर.

मुलगा वाचला. पण पुढे कित्येक महिने त्याला वाचलेले आठवत नसे, बोलता बोलता शब्द हरवत. त्याचे बारावीचे वर्ष वाया गेले. त्या घराने मला कधी दोष दिला नाही. मी मात्र स्वतःला दिला आणि अजूनही देतो. पहिल्या दिवशी मी त्या मुलीला एकच प्रश्न विचारायला हवा होता, ‘‘पाणी कशावर तापवता?’’ तो विचारला असता तर भावावर ती वेळ आली नसती.

हे नेमके काय होते, ते समजून घेऊ. गॅस जळायला प्राणवायू लागतो. कोंदट जागेत प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गॅसची गळती आपल्याला वासाने कळते, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला तसा वास नसतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जितके धरते त्याच्या दोनशेहून अधिक पटीने या वायूला घट्ट धरून ठेवते. मग छाती वरखाली होत राहते, पण मेंदूला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, पाय लटके पडतात. कडी काढावी हे कळते, पण हात उचलत नाही.

आता दिवाळीची पहाट डोळ्यांपुढे आणा. बाहेर गारठा, म्हणून झरोका बंद. घरात पाहुणे, म्हणून एकामागून एक सहा-सात जणांच्या अंघोळी. तेल-उटणे लावून सावकाश न्हायचे, म्हणून प्रत्येकाला वेळ जास्त. तासभर गीझर अखंड चालू. एरवी दोघांच्या अंघोळीत जो धोका जाणवत नाही, तो या दिवशी पाचव्या-सहाव्या माणसाच्या वाट्याला येतो. आपल्या आजीच्या काळी तांब्याचा बंब मागच्या अंगणात किंवा कौलारू न्हाणीत पेटत असे. धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. आपण बंबाच्या जागी गीझर आणला, कौलांच्या जागी स्लॅब घातला, फटी सिमेंटने बुजवल्या, पण अंघोळ मात्र बंबाच्याच हिशेबाने करत राहिलो.

उपाय अवघड नाही. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असूच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. प्लंबरचे काम एका दिवसाचे असते. ते होईपर्यंत दार आणि झरोका उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, आत हवा खेळू द्यावी आणि मगच माणसाने आत जावे. लहान मुले व म्हातारी माणसे यांनी आतून कडी लावू नये. कोणी आत पडलेले आढळले तर दार सताड उघडून, स्वतः आत न रेंगाळता, त्याला मोकळ्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि थेट प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 2020-21 च्या कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. असा रुग्ण आढळला की लोक ते लावतात आणि 98 आकडा पाहून निर्धास्त होतात. ते साधे यंत्र हा वायू बसलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू बसलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखू शकत नाही. आकडा चांगला दिसला तरी रुग्ण गंभीर असू शकतो. आकड्यावर जाऊ नका, पाणी कशावर तापले ते सांगा.

ज्यांच्याकडे विजेवर पाणी तापते त्यांनीही गाफील राहू नये. बादलीत टाकायचा हीटर चालू असताना ‘पाणी कितपत तापले’ म्हणून बोट बुडवून पाहण्याची सवय जीवघेणी आहे. आधी बटण बंद करा, पिन काढा, मग पाण्याला हात लावा. इलेक्ट्रिशियन माळा लावायला घरी येणारच असतो, तेव्हा त्याला एवढे विचारा की आपल्या घरात अर्थिंग नीट आहे का, आणि 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारा ट्रिप स्विच बसवला आहे का. दारावरच्या रोषणाईपेक्षा त्या डबीचे मोल जास्त आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. इथे मला पुरुष वाचकांशी थोडे भांडायचे आहे. फराळाच्या चार दिवसांत घरातली बाई किती वाजता झोपते, हे आपण कधी पाहिले आहे का? दिवसभराचे नेहमीचे काम, त्यावर साफसफाई, त्यावर पाहुण्यांचे चहा-जेवण, आणि हे सगळे उरकले की रात्री दहा वाजता कढई चढते. चकली, शेव, करंजी. अकरा-बारा वाजता झोपेने डोळे मिटत असताना ती तळणाशी उभी असते. माझ्याकडे तेलाने भाजून आलेल्या बहुतेक बायकांनी भाजल्याची वेळ रात्री उशिराची किंवा भल्या पहाटेची सांगितली आहे. त्यांचे हात बेफिकीर नव्हते, थकलेले होते. ‘संभाळून काम कर’ हा उपदेश थकलेल्या माणसाला करून उपयोग नाही. त्याचे काम वाटून घ्यावे लागते. सोऱ्या दाबायला पुरुषाचा हात चांगला चालतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. आणि दोन पदार्थ कमी झाले तर लक्ष्मी रुसत नाही.

तळणाचे तेल साधारण 170 ते 190 अंशांपर्यंत तापलेले असते. उकळते पाणी शंभर अंशांचे. शिवाय तेल अंगावरून ओघळून जात नाही, चिकटून राहते. म्हणून तेलाची जखम खोल जाते. फराळ जास्त असला की शेगडी जमिनीवर मांडून, पाटावर बसून तळायची पद्धत अनेक घरांत आहे. घरात रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल असेल तर ही पद्धत सोडावी. तळण संपल्यावर कढई जमिनीवर निवत ठेवू नये, ओट्यावर मागच्या बाजूला ठेवावी. तळताना अंगात नायलॉनसारख्या कापडाचा गाउन किंवा साडी नसावी. सुती कापडही पेटते, पण ते वितळून कातडीला चिकटत नाही. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली बरी.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच टाकू नये. पाणी तेलाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा घेते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करावा, मोठे ताट किंवा झाकण बाजूने सरकवून कढई झाकावी आणि पूर्ण निवेपर्यंत ते उचलू नये, कढई उचलून पळू नये. गॅसचा वास आला तर दिव्याची बटणे चालू किंवा बंद न करता खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, देवघरातला दिवा विझवावा आणि बाहेर येऊन 1906 या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करावा.

भाजल्यावर काय करावे, यावरून माझे आणि माझ्या रुग्णांचे तीस वर्षांचे भांडण आहे. ‘पाणी लावले की फोड येतात’ हा समज अजून जात नाही. त्यामुळे टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस, कोरफड, ओले पीठ, असे काय काय लावून रुग्ण येतात. मग आधी ते सारे खरवडून काढावे लागते आणि त्या वेदना भाजल्याहून कमी नसतात. फोड पाण्याने येत नाहीत, आत अडकलेल्या उष्णतेने येतात. ती उष्णता ज्योत विझली तरी आत काम करीत असते. ती काढून घेण्याचे सर्वांत चांगले औषध म्हणजे नळाचे साधे वाहते पाणी, आणि तेही पुरती वीस मिनिटे. घड्याळ लावून. पहिली काही मिनिटे हुकली तरी तीन तासांच्या आत पाणी धरल्याचा फायदा होतो. बर्फ लावू नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज चढण्याआधी काढाव्यात. चिकटलेले कापड ओढू नये. मग स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून डॉक्टरकडे यावे. तोंड, हात, जांघ भाजली असेल, किंवा मूल लहान असेल, तर जखम छोटी दिसली तरी घरी थांबू नये. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या मुलाला मात्र पाण्याखाली धरताना थंडी भरणार नाही, याची काळजी घ्यावी. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर आडवे होऊन लोळावे. इतरांनी जाड सुती चादर किंवा सतरंजी गुंडाळावी.

साफसफाईबद्दल दोन शब्द. संडास चकाकावा म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतणारे पुष्कळ आहेत. या दोहोंच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. तोच, जो पहिल्या महायुद्धात 1915 साली सैनिकांवर सोडला गेला होता. बंद संडासात तो फुप्फुसाला सूज आणतो. एका वेळी एकच वस्तू वापरा, दार उघडे ठेवा. रंगाचे थिनर, टर्पेंटाइन, ॲसिड हे थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. मुलाने चुकून प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर ते पुन्हा अन्ननलिका जाळते किंवा फुप्फुसात शिरते. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा. आणि जळमटे काढायला टेबलावर स्टूल, स्टुलावर आजी, असा मनोरा रचू नका. साठीनंतर मोडलेल्या खुब्याचा हाड वर्षभराचा सोबती होतो.

मुलांविषयी दोन नव्या गोष्टी. पहिली, हल्ली पणत्यांच्या जागी बॅटरीवरच्या दिव्यांची फॅशन आहे. त्यातल्या काहींत शर्टाच्या गुंडीएवढी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आतून भाजायला सुरुवात होते. ‘शी वाटे पडेल’ म्हणून वाट पाहू नये. दुसरी, 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशाच्या इतर भागांत प्लास्टिकच्या पाइपातून केलेल्या कार्बाइडच्या बंदुकांनी शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि तेवढ्यात तो उडतो. अशी वस्तू घरात तयार करू देऊ नका. डोळ्यात कार्बाइड किंवा चुना गेला तर लगेच भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा. काही रुतले असेल तर मात्र चोळू नका, दाबू नका, नेत्रतज्ज्ञाकडे चला.

एवढे वाचून कोणी म्हणेल, ‘‘डॉक्टर, इतकी भीती घातली तर सण साजरा कसा करायचा?’’ मला भीती घालायची नाही. जुन्या काळी सगळे सुखरूप होते, असेही माझे म्हणणे नाही. चुलीच्या धुराने आणि स्टोव्हच्या भडक्याने किती आया-बहिणी गेल्या, ते माझ्या पिढीने पाहिले आहे. गॅस आला, वीज आली, हे चांगलेच झाले. पण दाराशी रांगोळी काढताना आपण जागा झाडून, सारवून घेतो ना? तसेच सणाआधी घर या नजरेनेही एकदा झाडून घ्यावे, एवढेच मागणे आहे. येत्या रविवारी एक तास काढा. झरोक्याचा पुठ्ठा काढा. गॅसची नळी जुनी झाली असेल, चिरली असेल तर बदला. ॲसिडची बाटली उंचावर ठेवा. चार दिवसांत गावात कोणता दवाखाना उघडा आहे ते विचारून ठेवा आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. आणि हो, फराळाच्या कामांची वाटणी त्याच रविवारी करून टाका.

तो मुलगा आता तिशी ओलांडून गेला आहे, संसाराला लागला आहे. दरवर्षी पाडव्याला फराळाचा डबा घेऊन येतो. त्याच्या नव्या घरात गीझर बाहेर, गच्चीच्या कोपऱ्यात बसवला आहे. डबा घेताना मी त्याला तोच प्रश्न विचारतो आणि तो हसतो. वाचकहो, तोच प्रश्न आज तुम्हालाही विचारतो. पाणी कशावर तापवता?

दिवाळी आपणा सर्वांना सुखाची आणि सुखरूप जावो.